जिवंत मांडव

लग्नघरीं मांडव घालावयाचा म्हणजे प्रथम मुहूर्तमेढ रोवावयाची. ही मेढ बहुधा उंबराची, ओली आणि पानांसकट असते. चार दिवस तिला हळदकुंकवाचा मान मिळतो, आणि कार्य आटोपलें कीं मांडवाच्या बाकीच्या वाशांबरोबर तीहि उपटली जाते. ती कोणीं उपटलीच नाहीं तर काय होईल? शेताच्या कुंपणाला पांगाऱ्याचा किंवा शेवग्याचा ओला खुंट ठोकणाऱ्या शेतकऱ्याला ह्याचें उत्तर ठाऊक आहे. पावसाळा लागला कीं खुंटाला डोळे फुटतात, आणि दोन-तीन वर्षांत खुंटाचें झाड होतें. समजा, मांडवाच्या सगळ्याच मेढी अशा रुजल्या, त्यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतल्या, आणि छत म्हणून त्यांचीं पानेंच पसरलीं, तर जी वस्तु तयार होईल तिच्याविषयीं आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे.

युरोपांत ही कला गेल्या कांहीं दशकांत चांगलीच पसरली आहे. शाळांच्या पटांगणांत आणि सार्वजनिक बागांत तेथील लोक वाळुंजाच्या जिवंत फोकांचे घुमट, बोगदे, बसावयाचीं कुंजें, क्वचित् एखादा मासा किंवा पक्षी अशा आकृति लावतात. 'लावतात' हें क्रियापद मीं मुद्दाम वापरलें. 'बांधतात' म्हटलें असतें तर तें अर्धेंच खरें झालें असतें, कारण ज्या दिवशीं काम संपलें असें वाटतें त्या दिवशीं ह्या वस्तूचें आयुष्य सुरू होतें.

वाळुंज म्हटलें कीं आपल्या छत्रपती संभाजीनगरांत प्रथम वाळूजचे कारखाने डोळ्यांपुढें येतात. मी बोलतों आहें तें झाडाविषयीं. क्रिकेटची बॅट ज्या लाकडाची करतात, आणि काश्मिरी माणूस थंडींत अंगरख्याखालीं जी कांगडी धरतो तिची टोपली ज्या फोकांची विणतात, तें झाड ह्याच कुळांतलें. ह्या कुळांत सुमारें ४०० जाति आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक थंड मुलखांतल्या आहेत. आपल्याकडे सह्याद्रींतल्या ओढ्यांच्या कांठीं एक जात आढळते. पानांची खालची बाजू पांढुरकी आणि बियांना कापूस, ह्या दोन खुणांवरून ती सहज ओळखतां येते. सर्वांची प्रकृति मात्र एकच: पाय पाण्यांत पाहिजेत.

वाळुंजाचा फोक जमिनींत खोंचला कीं रुजतो, ह्याचें कारण मोठें मौजेचें आहे. बहुतेक झाडांची फांदी तोडून लावली तर तिला मुळें नव्यानें घडवावीं लागतात, आणि तीं घडण्यापूर्वींच फांदी वाळून जाते. वाळुंजाच्या फांदींत मुळांचे सूक्ष्म अंकुर सालीखालीं अगोदरच तयार होऊन निजलेले असतात. ओल लागली कीं ते जागे होतात. पुरानें फांदी मोडून वाहून नेली तरी खालच्या गाळांत तिला पुन्हां उभें राहतां यावें, म्हणून निसर्गानें ही शिदोरी तिच्या पदरीं बांधून दिली आहे असें म्हणावें. नदीकांठीं संसार करणाऱ्याला अशी तयारी ठेवावीच लागते.

तिकडे हें काम हिवाळ्यांत करतात. तेव्हां पानें गळलेलीं असतात आणि झाड स्वस्थ असतें. एका वर्षाच्या वाढीचे, माणसाच्या उंचीहून लांब, सरळ फोक कापावयाचे, आणि लावीपर्यंत त्यांचे बुडखे पाण्यांत ठेवावयाचे. खुंटी आणि दोरी घेऊन जमिनीवर वर्तुळ आंखावयाचें व दाराची जागा सोडावयाची. मग पहारीनें दीड-दोन वीत खोल भोंकें पाडून एकेक फोक त्यांत उतरावयाचा, बुडखा खालीं आणि शेंडा वर. हें सांगावें लागतें ह्याचें आपणांस हसूं येईल. पण पन्नास माणसें एकदम कामाला लागलीं कीं दोन-चार फोक उलटे लागल्यावांचून राहत नाहींत. उभ्या जाड फोकांमधून बारीक फोक तिरपे लावीत जातात, एक उजवीकडे झुकलेला तर पुढचा डावीकडे. त्यामुळें हळूहळू शंकरपाळ्यांसारखी जाळी दिसूं लागते. शेवटीं समोरासमोरचे शेंडे वाकवून एकमेकांत पिळले कीं घुमट मिटतो. वाकवितांना घाई केली तर फोक काडकन् मोडतो. दोन्ही अंगठ्यांनीं थोडथोडें चेपीत, वीत-वीत पुढें सरकत, त्याला वळण द्यावें लागतें.

जेथें दोन फोक एकमेकांवर घट्ट दाबलेले राहतात तेथें वाऱ्यानें साल घासते, आंतला जिवंत थर उघडा पडतो, आणि कांहीं वर्षांत ते दोन्ही फोक एकजीव होतात. आंब्याचें भेट कलम आपण करतों तोच हा प्रकार. मात्र येथें तो शेंकडों ठिकाणीं आपोआप घडत असतो. सांध्याला बांधलेली सुतळी वेळेवर सोडली पाहिजे. न सोडली तर जाड होत जाणाऱ्या खोडांत ती रुतून बसते आणि खोड आवळून मारते.

एवढें झाल्यावर लोक टाळ्या वाजवून घरीं जातात, आणि खरी परीक्षा येथूनच सुरू होते. पहिल्या उन्हाळ्यांत पाणी हवें. मुळाशीं गवत माजूं नये म्हणून पाचोळ्याचा जाड थर हवा. दर हिवाळ्यांत नवे फुटवे एक तर जाळींत विणून घ्यावे लागतात, नाहीं तर कापावे लागतात. हें दर वर्षीं, न चुकतां, करावयाचें. एक हिवाळा गेला तर घुमटाचें झुडूप होतें. दोन गेले तर सगळा जोर शेंड्यांकडे जातो, खालचा भाग बोडका पडतो, आणि येथें घुमट होता हें सांगावें लागतें.

म्हणून ह्या कामांत फोक किती लागतात ह्यापेक्षां माणसें कोण लागतात, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत आउअरश्टेट् नांवाचें एक खेडें आहे. तेथें १९९८ सालीं मार्सेल काल्बेरर ह्या वास्तुकारानें सुमारें ३०० स्वयंसेवकांच्या हातून वाळुंजाचा एक भव्य घुमट लावून घेतला. दक्षिण इराकच्या दलदलींत बोरूच्या जुड्या वाकवून कमानी करावयाच्या आणि त्यांवर घर उभारावयाचें, ही फार प्राचीन रीति आहे. काल्बेरर ह्यांनीं वाळलेल्या बोरूच्या जागीं जिवंत वाळुंज आणला. ३०० माणसें कशाला, तर मजुरी वाचावी म्हणून, असें प्रथम मनांत येतें. मला त्यांत दुसरें शहाणपण दिसतें. ज्यानें स्वतःच्या हातानें फोक लावला तो पुढल्या वर्षीं आपला फोक जगला कीं नाहीं हें पाहावयास येतो, आणि येतांना कात्री घेऊन येतो.

ह्याच्या उलट उदाहरण अमेरिकेंतलें आहे. अ‍ॅक्सेल अर्लंडसन नांवाचा कॅलिफोर्नियांतला एक शेतकरी झाडांच्या खोडांना कलमें बांधून त्यांना टोपली, शिडी, खुर्ची असे आकार देत असे. सहा झाडें एकत्र गुंफून केलेली त्याची टोपली आजहि पाहावयास मिळते. १९४७ सालीं त्यानें ह्या झाडांची 'ट्री सर्कस' तिकीट लावून लोकांस उघडली. तुम्ही हें कसें करतां, असें मुलांनीं विचारलें कीं मी झाडांशीं बोलतों, असें तो उत्तर देई. उत्तर गोड खरें, पण युक्ति त्यानें कोणाला सांगितली नाहीं आणि शिष्य तयार केला नाहीं. १९६४ सालीं तो वारला. पुढें निगेवांचून बरीच झाडें मेलीं, आणि जीं उरलीं तीं १९८५ च्या सुमारास मुळांसकट काढून गिलरॉय येथील एका बागेंत हलवावीं लागलीं. एवढा मोठा कारागीर, आणि त्याची विद्या त्याच्या एका जन्माहून लांब गेली नाहीं.

मेघालयांतल्या खासी आणि जैंतिया लोकांना हें बरोबर उमगलें आहे. ते ओढ्याच्या कांठीं रबराचा वड लावतात, आणि त्याच्या हवेंत सुटलेल्या मुळ्या बांबूच्या किंवा सुपारीच्या पोकळ खोडाच्या आधारानें पलीकडच्या कांठावर नेऊन रुजवितात. त्या मुळ्यांचा पूल माणसाचें वजन पेलूं लागावयास दहा-पंधरा वर्षें सहज लागतात, कधीं त्याहून अधिक. लावणारा म्हातारा होतो आणि पुलावरून नातू चालतात. मधल्या काळांत मुळ्या गुंफण्याचें काम गांव करीत राहतें. २०२२ सालीं हा पुलांचा प्रदेश जागतिक वारशासाठीं भारतानें सादर केलेल्या संभाव्य यादींत दाखल झाला.

आतां घरची गोष्ट सांगतों. आणि ती आमच्या फजितीपासून सुरू होते. आमच्या वसाहतींत एक मोकळी जागा आहे. तिच्यावर पूर्वीं कचरा पडत असे. तेथें मुलांसाठीं असा एक घुमट करावा असें आम्हां चार-पांच जणांच्या मनांत आलें. आम्हीं घाटांतल्या एका ओढ्याकांठचे वाळुंजाचे फोक ओल्या गोणपाटांत गुंडाळून आणले आणि पौष महिन्यांत लावले, कारण पुस्तकांत हिवाळ्यांत लावावे असें लिहिलें होतें. फोक रुजले. फाल्गुनांत पानें आलीं तेव्हां आम्ही एकमेकांचें अभिनंदनहि केलें. चैत्रांत पानें माना टाकूं लागलीं, आणि वैशाखाच्या अखेरीस घुमटाच्या जागीं काळ्या काड्यांचा सांगाडा उरला. पुस्तक खोटें नव्हतें. ज्या देशांत तें लिहिलें गेलें तेथें हिवाळ्यामागून ओला, सौम्य वसंत येतो. आपल्याकडे हिवाळ्यामागून उन्हाळा येतो, एवढी साधी गोष्ट आम्ही विसरलों. फोकाला थंडी नको होती, लावल्यानंतरचे चार महिने ओलीचे हवे होते.

शेजारच्या आजी कन्नड तालुक्यांतल्या. गॅलरींतून त्या हें सगळें पाहत होत्या. एके दिवशीं खालीं येऊन म्हणाल्या, "बाबा, ओढ्याचं झाड माळावर आणलंस. ते काय करील बिचारं? निरगुडी लाव की. ती कुणाची वाट बघत नाही."

निरगुडी! ओढ्याच्या आणि नाल्याच्या कडेला, शेताच्या बांधावर ती आपण सर्वांनीं पाहिली आहे, आणि पाहिली म्हणूनच तिच्याकडे कधीं लक्ष दिलें नाहीं. तिचा पाला सुजेवर बांधतात, वाळवून धान्यांत घालतात. तिला उग्र वास असल्यामुळें शेळी सहसा तोंड लावीत नाहीं, आणि मराठवाड्यांत ज्याला शेळी तोंड लावीत नाहीं त्या रोपट्यानें अर्धी लढाई जिंकलीच. तिची फांदी लावली असतां रुजते. एकदां रुजली कीं उन्हाळ्याला दबत नाहीं. आणि मुख्य म्हणजे तिच्या सरळ, लवचिक फोकांशीं आपल्या माणसांच्या हातांची जुनी ओळख आहे. धान्याची कणगी निरगुडीच्या फोकांची किंवा तुराट्यांची विणून शेणानें लिंपीत. घराचा कूड असाच विणीत. फोक विणून भिंत करण्याची ही कला आपल्या घरांतलीच होती. ती विणतांना आपण फक्त फोकाचीं मुळें तोडून टाकीत होतों.

आजींच्या ओळखीनें गांवाकडच्या एक मावशी दोन दिवस आमच्याकडे आल्या. त्यांनीं आयुष्यभर कणग्या आणि डालग्या विणल्या होत्या. आमचें आंखलेलें वर्तुळ पाहून त्यांनीं पहिला प्रश्न विचारला, "उभ्या काड्या किती?" आम्हीं चोवीस सांगितल्या. "एक वाढवा नाही तर एक काढा. जोडीनं आल्या की वीण बसत नाही." कारण सोपें आहे. उभ्या काड्या विषम असल्या म्हणजे विणीचा फोक एका फेरींत ज्या काडीच्या पुढून गेला, पुढच्या फेरींत तिच्या मागून जातो, आणि वीण आपोआप आवळते. सम असल्या तर तो दर फेरींत त्याच बाजूनें जात राहतो. मग त्यांना दाराची फट दिसली, आणि त्या हसल्या. फट असली कीं फेरी तेथें तुटते आणि फोक उलट वळवून परत आणावा लागतो. मग सम-विषमाचा प्रश्न उरत नाहीं. "दार ठेवलं का? मग असू द्या चोवीस." आमच्यांतल्या एका अभियंत्यानें हें टिपून घेतलें.

आमची कृति अखेर अशी ठरली. मृगाचा पाऊस पडून जमीन वीतभर ओली झाली कीं निरगुडीचे अंगठ्याएवढे जाड फोक कापावयाचे, शेंड्याकडचीं थोडीं पानें ठेवून बाकीचीं काढावयाचीं, आणि त्याच दिवशीं लावावयाचे. निरगुडीचा फोक वाळुंजाएवढा लांब मिळत नाहीं, तेव्हां एका वर्षांत घुमट मिटावयाचा नाहीं हें कबूल करून आंतून वाळलेल्या बांबूच्या कमानी उभ्या केल्या. निरगुडी त्या कमानींवर चढविली, आणि ती स्वतःच्या बळावर उभी राहिली कीं बांबू काढून घ्यावयाचे असें ठरलें. सांधे मात्र वाळुंजासारखे झटपट जुळत नाहींत. आमच्याकडे थोडेच जुळले. बाकीचे अजून काथ्याच्या भरंवशावर आहेत, आणि दर सहा महिन्यांनीं तो काथ्या सोडून सैल बांधावा लागतो.

लावणीच्या दिवशीं वसाहतींतलीं बहुतेक घरें आलीं. खेड्यांत शेताच्या कामाला सावड करतात, आज तुझ्या शेतांत सगळे, उद्यां माझ्या. कोठें इर्जिक घालतात आणि काम झाल्यावर जेवूं घालतात. शहरांत ह्या शब्दांचा विसर पडला आहे, पण हातांना पडला नसावा. बँकेंत काम करणारे एक काका चिखलांत गुडघे टेकून बसले ते दुपारपर्यंत उठले नाहींत.

ह्यापुढें जो प्रश्न आला तो मलाहि अस्वस्थ करीत होता. आपल्या भागांत वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोहि चार महिन्यांत. ह्या शहरानें नळाच्या पाण्याची कित्येक दिवस वाट पाहण्याचा अनुभव घेतला आहे; २०१६ सालीं मराठवाड्यांतल्याच लातूरला आगगाडीनें पाणी पुरवावें लागलें होतें. अशा मुलखांत शोभेच्या झाडाला पाणी घालणें हें पाप नव्हे काय, असें बैठकींत एका ताईंनीं स्पष्ट विचारलें. त्यांच्या घरीं टँकर येतो तेव्हां कोण्या वेळीं उठावें लागतें हें त्यांना ठाऊक होतें. ह्या प्रश्नाला मोठमोठीं उत्तरें देतां येतात. सावली, पक्षी, हवा वगैरे. तीं खरींहि आहेत. पण ताईंचें समाधान त्यांनीं झालें नसतें, आणि माझेंहि झालें नसतें. शेवटीं नियम असा केला कीं नळाचा किंवा टँकरचा एक थेंबहि तेथें जावयाचा नाहीं. भाजी, तांदूळ आणि डाळ धुतलेलें पाणी प्रत्येक घरानें बादलींत साठवावयाचें, साबणाचें नको. दर दोन फोकांमध्यें मातीचें एक मडकें गळ्यापर्यंत पुरलें, त्याच्या बुडाला भोंक पाडून चिंधीची वात बसविली, आणि वर परळ झांकला. त्या मडक्यांत पाणी ओतलें कीं तें उन्हांत उडून न जातां थेंबाथेंबानें मुळांशीं झिरपतें. ह्या पाण्यांत जेवढे फोक जगतील तेवढाच घुमट. त्याहून मोठा करावयाचा नाहीं. ह्या नियमानें चोवीस उभ्या फोकांचा आमचा घुमट फार लहान आहे. त्यांत सात-आठ मुलें मांडी घालून बसतात.

फाटकावर पाण्याच्या पाळीची यादी लावली. ती पावसाळ्यांत चालली, कारण तेव्हां गरज नव्हती, हिवाळ्यांतहि चालली. पहिल्याच वैशाखांत ती मोडली. शाळेला सुटी लागते आणि झाडाला तहान लागते ती एकाच महिन्यांत, आणि नेमकीं त्याच वेळीं घरें कुलुपें लावून गांवीं जातात. दाराच्या उजवीकडचे फोक एका पंधरवड्यांत वाळले. कोणाचा दोष म्हणावा? पाळी माझी होती, आणि मी पुण्यास होतों. दुसऱ्या वर्षीं यादी बदलली: जीं घरें वैशाखांत येथें राहतात त्यांचीच नांवें त्या महिन्यांत, आणि जीं बाहेर जातात त्यांच्याकडे श्रावणांतली छाटणी. आउअरश्टेट् येथें कात्री हातीं घेऊन परत येणारीं माणसें मला खरीं समजलीं तीं ही यादी लिहितांना.

वाळुंजावर मात्र माझा राग राहिलेला नाहीं. त्याची जागा आहे ती नदीकांठीं. १६१० सालीं मलिक अंबरनें खडकी वसविली ती खाम नदीच्याच आधारानें. पुढें त्या नदीचें शहरांत जें झालें तें आपण नाक धरून पाहिलें. २०२१ पासून महानगरपालिका, छावणी परिषद, उद्योजक आणि नागरिक ह्यांनीं मिळून तिच्या सफाईचें आणि कांठावर झाडें लावण्याचें काम हातीं घेतलें. अशा कांठावर, पुराची वाट न अडवितां, मुळांनीं माती धरून ठेवणारी वाळुंजाची जिवंत वीण शोभेल आणि उपयोगीहि पडेल. एक सावधगिरी मात्र हवी. पाणी शोधणारीं मुळें जुन्या खापरी नळांत शिरतात आणि ते फोडतात. आपल्या शहराच्या पोटांत जुन्या नहरींचीं अशीं जाळीं आहेत. त्यांच्यापासून आणि कोणत्याहि जुन्या बांधकामापासून अशी लावणी दूरच असावी. मुळांची ताकद कोणास पाहावयाची असेल तर त्यानें पाणचक्कीच्या आवारांतल्या जुन्या वडाखालीं थोडा वेळ उभें राहावें. पारंबी जमिनीला लागून खोड कशी होते हें तेथें समजतें.

आमच्या घुमटाचा हा तिसरा पावसाळा. उत्तरेकडच्या बांबूच्या कमानी काढल्या आहेत. निरगुडीनें ती बाजू स्वतः पेलली आहे. दक्षिणेकडच्या काढावयाचें धैर्य अजून झालेलें नाहीं. दाराच्या उजवीकडे जे फोक गेले त्यांच्या जागेंतून मुलें आंत-बाहेर करतात, आणि ती खिडकी तशीच ठेवा असा त्यांचा आग्रह आहे. आजी म्हणतात, खिडकी राहूं द्या, पण दोन बाजूंना दोन फोक लावा, नाहीं तर वीण उसवेल. फोक त्यांच्या माहेरच्या बांधावरून यावयाचे आहेत. येत्या रविवारीं पाऊस असला तर लावणी आहे.